सोलापूरच्या उन्हाची चौकशी

हे मी मराठीत लिहिते आहे. परदेशात वाढलेली तुम्ही दोघं नातवंडं वाचताना अडखळाल, याची मला कल्पना आहे. पण मागच्या वेळी तुमच्यासाठी म्हणून चांगलं पानंच्या पानं इंग्रजीत लिहिलं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. अडेल तिथे बाबांना विचारा. त्यांना हे मोठ्याने वाचावं लागलं तर माझी काही हरकत नाही.

दिवाळीनंतर बाबांचा फोन आला. "आई, धाकटीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. एकाच राज्यात निरनिराळ्या हवामानात घरावरच्या सोलर पॅनलमधून किती वीज मिळेल, असा विषय आहे. तुझ्याइतकं नीटनेटकं कोण करणार?"

आपल्या कोथरूडच्या बंगल्यावर आजोबा असतानाच पॅनल बसवली होती. ती धुणं आणि रोज संध्याकाळी मीटरचा आकडा टिपून ठेवणं हे माझंच काम. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण निवृत्त झाल्यापासून लोक मला 'गोळी घेतलीस का' एवढंच विचारतात. त्यामुळे नातीला आपली मदत हवी आहे म्हटल्यावर मी किती हुरळले, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन घेऊन बसले.

पहिला फोन रत्नागिरीला, तुमच्या मावशीआजीला. ती म्हणाली, "ताई, पावसाळ्यात आमच्याकडे पॅनल धुवावी लागत नाहीत, तेवढाच फायदा. वीज विचारू नकोस. ढग हलायलाच तयार नसतात." उरलेल्या महिन्यांत तिच्याकडे ऊन भरपूर असतं, पण खारी हवा पॅनलखालच्या लोखंडी चौकटी खाते.

नागपूरचे मामाआजोबा उगाच फुशारले. "आमच्या उन्हाची बरोबरी करणार का तुमचं पुणं?" मी म्हटलं, "अरे, मे महिन्याचे आकडे दे, मग बोल." आकडे आले, ते मार्चपेक्षा कमीच होते. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. फार तापली की वीज वाढायच्या ऐवजी कमीच होते. फेब्रुवारी-मार्चमधला स्वच्छ, जरा गार दिवस त्यांना मे महिन्यापेक्षा जास्त मानवतो. हे मी तुमच्यासाठी चित्र काढून समजावलं होतं. चित्र बरं जमलं होतं.

पुण्याचे आकडे माझ्याकडे होतेच. आठ महिने आपली पॅनल शहाण्या मुलासारखी वागतात आणि पावसाळ्यात रुसून बसतात.

राहिलं सोलापूर. तिथे तुमच्या आईचे वडील, म्हणजे माझे व्याही. त्यांनी इतक्या तत्परतेने सगळं सांगितलं, की मलाच संकोच वाटला. पाऊस कमी, ढग थोडे, वर्षभर लख्ख ऊन. धूळ मात्र वरचेवर पुसावी लागते. शेवटी म्हणाले, "विहीणबाई, आपण इथे राहायला आलात की रोज स्वतः गच्चीवर चढून मोजा!" मला वाटलं, माणूस अगत्याने बोलतो आहे. मीही म्हटलं, "येईन की."

सगळं हातासरशी लिहून काढलं. चार ठिकाणं, चार हवामानं, प्रत्येक ऋतूत काय अपेक्षा ठेवावी, कशामुळे फरक पडतो. घरावर पॅनल लावायची तर वर्षभर सगळ्यात भरवशाचं ऊन सोलापूरच्या बाजूचं, असा निष्कर्ष काढला. पानांचे फोटो काढून बाबांना पाठवले. त्यांनी दोन अंगठे पाठवले.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटे, तू समोर होतीस, केस विंचरत. मी विचारलं, "काय गं, प्रोजेक्ट आवडलं का बाईंना?"

तू म्हणालीस, "व्हॉट प्रोजेक्ट, आजी?"

मी म्हटलं, "सोलरचं गं." तू मागे वळून बाबांकडे पाहिलंस. बाबा म्हणाले, "आई, मी तुला नंतर फोन करतो." माझं उत्तर मला तिथेच मिळालं.

नंतरच्या फोनवर ते सगळं बोलले. तुमच्या आईच्या माहेरची जमीन सोलापूरच्या बाहेर आहे. तिथे घर बांधायचं, संपूर्ण उन्हावर चालणारं. पुढे तुम्ही सगळे परत आलात की राहायला, आणि तोवर मला. कोथरूडचा बंगला एका बिल्डरला द्यायचा. बोलणीही पुढे गेली होती. व्याह्यांना ठाऊक होतं, तुमच्या आईला ठाऊक होतं. बंगला माझ्या नावावर आहे, म्हणून सही तेवढी माझी हवी होती.

"अगं आई, सरळ विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग विचारायचं आणि 'नाही' ऐकून घ्यायचं. पोरीचं नाव कशाला घेतलंस?"

ते म्हणाले, "पण तूच लिहिलंयस ना, सगळ्यात भरवशाचं ऊन तिथलं म्हणून?"

"मी पॅनलबद्दल लिहिलं होतं," मी म्हटलं. "माझ्याबद्दल नाही."

या गल्लीत मला पेपरवाला ओळखतो, औषधांच्या दुकानातला माणूस चिठ्ठी न बघता गोळ्या देतो, माझ्या विद्यार्थिनी रस्त्यात थांबून बोलतात. सोलापूरच्या गच्चीवर मी एकटी आकडे टिपत बसणार, हे बाबांनी ठरवलंही होतं. आणि त्यासाठी लागणारी चौकशी माझ्याचकडून, तुमच्या नावाखाली, करून घेतली होती. घर विकायचं त्यांच्या मनात आलं, याचा मला राग नाही. मुलांच्या मनात असं येतंच. पण नात बोलावते आहे म्हणून मी धावत गेले, आणि तिने मला बोलावलंच नव्हतं, हे अजून गिळता येत नाही.

मी सही केलेली नाही. करणारही नाही. बिल्डरचा माणूस एकदा गोड बोलायला आला होता, त्याला फाटकातच सांगितलं, "आपण चुकीच्या घरी आलात."

बाबा अजून दर रविवारी फोन करतात. गोळ्यांची चौकशी झाली की विचारतात, "पॅनल कशी चाललीयेत?" पूर्वी मी आठवडाभराचे आकडे वाचून दाखवायची, ढग किती होते तेही सांगायची. आता म्हणते, "बरी चाललीयेत." आकडे वहीतच राहतात. मग ते फोन ठेवतात.