साहेब खाली बसले तेव्हा

आमच्या शहरातले वकीलसाहेब खासदार झाले आणि काल लोकसभेत पहिल्यांदा बोलले. माझी आई कोर्टाबाहेर टायपिंग करते. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला, म्हणून तिने मला कोर्टाच्या कँटीनमधल्या टीव्हीसमोर आणून बसवलं.

साहेब रंगात आले होते. तेवढ्यात समोरचे एक खासदार ताडकन उठले, आणि आमचे साहेब चक्क खाली बसले! कोर्टात समोरचा वकील उठला की आपण बसायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

"अहो साहेब, बसता काय! वेळ जाईल ना तुमचा!" आई ओरडली.

"ताई, दिल्लीला ऐकू जाणारे का ते?" चहावाले काका म्हणाले.

वर्गात कुणी मध्ये बोललं की मीही अशीच बसते आणि उरलेलं वाक्य घरी घेऊन येते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून असं होत असेल, असं मला वाटायचं. पण एवढे मोठे साहेबसुद्धा?

साहेब स्वतःशीच हसले, उठले, आणि सभागृहातल्या गोंगाटातच त्यांनी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. कँटीनमध्ये टाळ्या पडल्या.

"अगं, तू कशाला उभी राहिलीस?" आईने विचारलं.

मी कधी उठले, ते मलाच कळलं नव्हतं.