फाटलेल्या आवाजाची ऑर्डर

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. अक्षरही कोंबडीच्या पायासारखं आहे. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढं हातात पेनापेक्षा टेस्टरच जास्त राहिला. हे मी छापायला लिहीत नाही. काही माणसांचे आभार तोंडानं मानायला मला जमलं नाही, ते निदान कागदावर मानावेत म्हणून लिहिते.

मी पेनड्राइव्ह लावला, मिक्सरचा आवाज हळूच वर सरकवला आणि लगेच खाली ओढला. स्पीकर फाटला होता.

बीड बायपासकडच्या एका नव्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंग होतं ते. गाड्या बाहेर काढून सगळीकडं काळं कापड टांगलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात लाल भोपळे मांडले होते. त्यांना डोळे आणि दात कोरले होते, आत दिवे होते. हॅलोविन नावाचा परदेशी सण असतो, त्यात लोक भूत होऊन फिरतात, एवढं मला सांगितलं होतं. पोरांनी या कापडाच्या बोळातून घाबरत जायचं आणि मी साउंड लावायचा, अशी ऑर्डर होती.

साउंडचा धंदा मूळ आमच्या ह्यांचा. जयंतीच्या मिरवणुका, हळद, वाढदिवस. दुष्काळानं खेड्यातली लग्नं घरच्या घरी आटोपायला लागली तशा ऑर्डरी बसल्या. हे चितेगावच्या कंपनीत शिफ्टला लागले आणि सेट माझ्याकडं आला. वायरी धरता धरता मी सगळं शिकलेच होते. शिवाय मला हे काम मानवतं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण स्पीकरच्या मागं बसलं की कुणी आपल्याकडं बघत नाही.

स्पीकर मात्र नवे होते. जुन्यांनी मान टाकली तेव्हा शेजारच्या रेहाना भाभींनी स्वतःहून पैसे काढून दिले. त्या गुलमंडीच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावतात. मी घेईना तर म्हणाल्या, "क्या सोचने का इत्ता? भागके कां जातीं तुम? दीवार तो एकीच है अपनी."

नवे स्पीकर घेऊन ही पहिलीच ऑर्डर. पहिल्याच ऑर्डरीत ते जळाले, तर त्या भिंतीपलीकडं मी कुठलं तोंड दाखवणार होते?

स्पीकर फाटणं म्हणजे काय, ते सांगते. त्याच्या पोटात कागदाचा कोन असतो आणि कोनामागं तारेची कॉइल. कॉइल तापली, घासायला लागली, की आवाज खरखरतो, चिरतो. त्याला आम्ही आवाज फाटला म्हणतो. मी जॅक बदलला, वायर बदलली. मग आमची नेहमीची सनई लावली. सनई काचेसारखी स्वच्छ. परत पेनड्राइव्ह लावला, परत फाटलं.

ऑर्डर देणाऱ्या केतकी मॅडम धावत आल्या. बँकेत नोकरीला, बोलणं एकदम हळू.

"ताई, बंद का केलंत?"

"मॅडम, आवाज फाटतोय. तुमचा पेनड्राइव्ह खराब झालाय."

त्यांनी कान देऊन ऐकलं आणि हसल्या. "ताई, ते गाणंच तसं आहे."

"हे गाणं आहे?"

"मेटल म्हणतात याला. त्यातलंही हे अगदी टोकाचं. गिटार मुद्दाम फाडतात."

"आणि हा माणूस ओरडतोय तो?"

"गातोय."

मी नीट ऐकलं. मळणी यंत्रात दगड गेल्यासारखा ड्रम आणि त्यावर घशाच्या तळातून गुरगुरणारा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला कुणी पाणी द्या म्हणावं."

सोसायटीचे चेअरमन कुलकर्णी काका मागं उभे होते. ते म्हणाले, "इथं आपल्यालाच मिळत नाहीये, त्याला कुठलं देता? टँकर सकाळपासून येतोच आहे. आणि केतकी, आत्ताच पितृपक्ष झाला. ती भुतं पुरली नाहीत का तुला?"

"काका, ती आपली होती. ही पाहुणी आहेत."

काकांनी मला विचारलं, "साउंडवाले साहेब कधी येणार?"

"त्याच साउंडवाल्या आहेत," केतकी मॅडम म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि पेनड्राइव्ह माझ्याच हातात परत दिला. ऑर्डर देताना घरचा पुरुष कोण येणार, हे मला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्या वेळी मी नुसती मान हलवली. आज लिहिते, मॅडम, फार बरं वाटलं होतं.

मी जरा धीर करून विचारलं, "तुम्ही हे घरी पण ऐकता?"

"रोज. गाडीवर हेडफोन लावून. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं असतं ना ताई. हा बाबा माझ्या वाटणीचं ओरडून घेतो. मग घरी मी शांत असते."

हे मला पटलं. पण माझी अडचण तशीच राहिली. साध्या गाण्यात स्पीकर बिघडायला लागला, की आधी कानाला कळतं. कान हेच माझं मीटर. इथं बिघाड आणि गाणं एकच. खरोखर कॉइल जळायला लागली असती, तरी मला कळलं नसतं.

म्हणून मी एक गोष्ट केली, जी साउंडवाल्यानं कधी करू नये. अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारी पेटी, आणि मिक्सर ठेवलेली जागा सोडली आणि कापडाच्या पलीकडं, स्पीकरजवळ जाऊन बसले. तळहात खोक्यावर ठेवला, गरम होतंय का बघायला. नाक जाळीपाशी नेलं, जळका वास येतो का बघायला. कानावरचा भरवसा उठला होता.

अंधार पडला तशी पोरं आली. कुणी भूत, कुणी चेटकीण, एकाच्या अंगावर आईची पांढरी बेडशीट. मी आवाज चढवून परत स्पीकरजवळ येऊन बसले होते. गाणं तळघरात असं घुमायला लागलं, की माझ्या बांगड्या किणकिणायला लागल्या. पोरं किंचाळत बोळात शिरायची, दुसऱ्या टोकाला हसत बाहेर पडायची आणि पळत परत रांगेत उभी राहायची. खोकं कोमट होतं, वास नव्हता. मला ते गाणं थोडंफार समजायलाही लागलं होतं. तो गुरगुरणारा माणूस दम कुठं घेतो, ते मी शोधत होते.

आणि एकदम सगळं बंद पडलं. आवाज गेला, भोपळ्यातले दिवे गेले, मिट्ट काळोख झाला. पोरांनी जी किंकाळी फोडली, ती खरी होती.

वर उतारावरून केतकी मॅडमचा आवाज आला, "मेन कोणी पाडला? चालू करा लवकर!"

"करतो, करतो," एक पुरुषमाणूस म्हणाला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. अँप सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा. अँपचं बटण चालूच राहिलं आणि मिक्सरला अचानक करंट आला, तर स्पीकरमध्ये थाडकन धक्का बसतो. आवाज पूर्ण चढवलेला असेल, तर एका धक्क्यात कॉइल जाते. आवाज पूर्ण चढवलेला होता. अँप कापडाच्या पलीकडं होता. कापड कुठं फाकतं तेसुद्धा मला दिसत नव्हतं.

जन्मात मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायची तेसुद्धा बाईंना ऐकू जायचं नाही.

"थांबा!" मी ओरडले. "हात लावू नका! सगळं जळंल! सगळं जळंल!"

त्या पार्किंगला चहूकडून सिमेंटच्या भिंती. माझा आवाज तिथं फिरून परत माझ्याच अंगावर आला. पोरं एका क्षणी चिडीचूप झाली आणि पुढच्या क्षणी जिकडं वाट मिळेल तिकडं पळाली. भोपळे गडगडल्याचा आवाज आला. वर मेनपाशी मात्र शांतता होती. हात थांबला होता.

मी चाचपडत कापडाखालून सरपटले. अँपचं बटण बोटाला लागलं, ते पाडलं. मिक्सर खाली घेतला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता लावा." ते कुणाला ऐकूच गेलं नाही. परत एकदा ओरडावं लागलं.

दिवे आले. उतारावर टँकरचा ड्रायव्हर उभा होता, खांद्यावर पाण्याचा ओला पाइप घेऊन.

"बाई, तुमच्या हौदाची मोटर जळत व्हती ना," तो म्हणाला. "लई वरडत व्हती. बेरिंग गेली म्हणून म्याच मेन पाडला. आधीच पाण्याचे हाल, त्यात मोटर गेली म्हंजे?"

भला माणूस. स्वतःचं काम सोडून दुसऱ्याची मोटर वाचवायला धावला होता.

"मोटर नाय दादा," मी म्हणाले. "मला पण आधी कॉइलच गेल्यासारखी वाटली."

"मंग काय हाय हे?"

"गाणं."

"कशाचं? लग्नाचं?"

"भुताचं."

त्यानं भोपळ्यांकडं बघितलं, बेडशीट घातलेल्या पोराकडं बघितलं. "असंल बुवा," म्हणाला आणि पाइप हौदात सोडायला गेला.

मग मी नियमाप्रमाणं आधी मिक्सर, शेवटी अँप असं चालू केलं आणि थोडा थोडा आवाज वाढवला. दोन्ही स्पीकर धडधाकट फाटलेले. म्हणजे जसे पाहिजेत तसे.

कुलकर्णी काका खाली आले तेव्हा त्यांच्या कमरेला त्यांचा नातू चिकटलेला होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. नातवानं विचारलं, "आजोबा, ती 'सगळं जळंल' वाली भुतीण कुठं गेली?" काकांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. "गेली बाबा. तुझ्या आईलासुद्धा एवढं घाबरत नाहीस तू."

निघताना केतकी मॅडमनी ठरलेले पैसे दिलेच, वर भोपळ्यांचा कोरून काढलेला गर डब्यात भरून दिला. दुष्काळात भाजीचे भाव काय होते, ते त्यांना माहीत होतं.

"ताई, पुढच्या वर्षी ते ओरडणंही ऑर्डरमध्ये धरू का?"

"नाय मॅडम," मी म्हणाले. "ते एकदाच निघतं."

त्यांनी माझा नंबर आजूबाजूच्या सोसायट्यांना दिला. बायपासला तेव्हा नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीत पोरं होती. गरबा, वाढदिवस, ऑक्टोबर संपताना भुतं. खेड्यातली लग्नं परत सुरू होईपर्यंत माझा सेट या शहरानं चालवला. तेव्हापासून मी एवढंच पाळते, की कसलंही गाणं असो, अँप हाताच्या अंतरावर ठेवायचा.

त्या गराच्या घाऱ्या मी दुसऱ्या दिवशी भाभींकडं दिल्या. पैसे मात्र जमेल तसे, दर ऑर्डरीमागं देत गेले. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटचे पैसे घेऊन गेले, तेव्हा त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वो भूतां का गाना तो सुनाओ एक बार." केतकी मॅडमनी माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं. मी लावलं. भाभींनी मान तिरकी करून ऐकलं आणि वाकून मशीनच्या पोटात बघितलं.

"तेल खतम हुआ तो ऐसीच करती ये," म्हणाल्या.

मी हसत हसत पैसे त्यांच्या हातात ठेवले. सगळे फिटले.