गालातील शिक्के

आज पन्हाळ्याच्या कचेरीसमोर एका पक्षकाराच्या अंगठ्याला निळी शाई लावताना मला विद्यापीठातील ती प्रयोगशाळा आठवली. जीवशास्त्राचे शिक्षण सोडवून कन्या सुनंदा हिला घरी आणण्याच्या निश्चयाने मी तेथे गेलो होतो. तिने माझ्या गालाच्या आतून काडी फिरवली, ती काचेवर पुसून निळ्या रंगाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शक पुढे केला.

"आबा, बघा की. तुमच्याच पेशी हायती."

"प्रत्येकीवर शिक्का कुणी मारलाय गं?"

ती हसली. "शिक्का न्हाय, केंद्रक. आज्जा-पणज्यापासनं आल्यालं समदं त्यात लिवलंय."

उभ्या तालुक्याचे अर्ज लिहिणारा मी; पण ते लिखाण आठवले की माझा हात आजही क्षणभर थांबतो. त्या सायंकाळी एसटीने मी एकटाच परतलो.