पातं थांबल्याची खूण

दत्तप्रसाद मेस्त्रींचा आपल्या दहा बोटांवर फार जीव, आणि अभिमान त्याहून जास्त. एकतीस वर्षं बहारीनमध्ये सुतारकाम करून दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला त्यांच्या वर्कशॉपात दुसरा माणूस नव्हता. नव्या कामगाराशी हात मिळवताना ते त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे. समोरच्याने बोटं मोजावीत, एवढीच माफक इच्छा.

गाव कुडाळजवळचं. वडील फणसाच्या लाकडाचे देव्हारे करायचे, त्यामुळे रंधा आणि पटाशी घरातच होती. करवतीचं मशीन मात्र त्यांना बहारीनला, सलमाबादच्या वर्कशॉपात आल्यावर भेटलं. लोखंडी टेबल, त्यातल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं. लोक म्हणतात, जनावराला घाबरणारा माणूस बरोबर कळतो. मेस्त्री म्हणायचे, मशीनला काहीच कळत नाही, म्हणून तर त्याला जास्त जपायचं.

त्यांचे नियम कडक होते. बाह्या कोपराच्या वर. मशीनवर हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की मागून हातही जातो. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. लाकूड उलटं फेकलं गेलं तर थेट पोटात बसतं. बारका तुकडा हाताने ढकलायचा नाही, त्यासाठी काठी. मनगटाला धागा नाही. दाराजवळ भिंतीत त्यांनी एक खिळा ठोकला होता, आणि कुणाचा देवीचा गंडा, कुणाचा ताईत, कुणाचा क्रूस सकाळी त्याला टांगला जायचा.

"देवी दारापर्यंत येते," मेस्त्री सांगायचे. "आत माझं ऐकायचं."

एवढ्या शिस्तीच्या माणसाने एक नियम मात्र कधी पाळला नाही. कान झाकायला कंपनीने जाड कवचं दिली होती. मेस्त्रींची जोडी खुंटीवर नवीकोरी लटकत होती. मशीन काय बोलतंय ते ऐकायचं सोडून कान बंद करणारा सुतार त्यांना आंधळ्या ड्रायव्हरसारखा वाटायचा. आणि ते ऐकायचेही तसेच. पातं बोथट झालंय हे त्यांना दुसऱ्यांच्या आधी कळायचं. लाकडात जुना खिळा आहे हे पातं त्याला लागण्याआधी, नुसतं ठोकून, ते सांगायचे.

त्यांचा एक खेळ सगळ्या वर्कशॉपला पाठ होता. नवीन माणूस आला की मेस्त्री मशीनकडे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि त्याला मशीन बंद करायला लावायचे. मोटर बंद झाली तरी पातं लगेच थांबत नाही; बराच वेळ आपल्या तंद्रीत फिरत राहतं, आणि बोटं जातात ती नेमकी तेव्हा. ते पूर्ण थांबलं की मेस्त्री हात वर करायचे. अगदी त्याच क्षणी. मग वळून म्हणायचे, "जब तक ये रुका नहीं, हात जेब में." बघणारा जन्मभर विसरायचा नाही.

अलीकडे दोनेक वर्षं हा खेळ झाला नव्हता. नवीन माणसं आली होती, पण मेस्त्रींना दर वेळी काहीतरी काम निघायचं. कुडाळहून बायकोचा, हेमाचा, फोन आला की "रेंज नाय गो" म्हणून ते लवकर ठेवून द्यायचे. गुदैबियाला ते राहायचे त्या खोलीत बाकी सगळ्यांचे फोन व्यवस्थित लागत होते. माणूस स्वतःशी किती गोड खोटं बोलू शकतो, याला काही माप नाही.

त्या मंगळवारी अमवाजच्या एका व्हिलाच्या दारासाठी सागवानी फळ्या चिरायचं काम चाललं होतं. मेस्त्री पुढून फळी सरकवत होते, अझहर मागच्या बाजूने ओढून घेत होता. अझहर गोरखपूरचा, चाळिशीचा, आवाज मुळातच बारीक. सहा वर्षं माल चढवून-उतरवून शेवटी मशीनवर आलेला, आणि या कामाचा त्याला खरोखर नाद लागलेला. मध्येच एक ढलपी पात्याजवळच्या फटीत अडकली. मेस्त्रींनी मशीन बंद केलं. पातं थांबलेलं डोळ्यांनी पाहून अझहर वाकला, "बंद रखना चाचा" म्हणाला, आणखी एकदा म्हणाला, आणि ढलपी काढायला हात घातला. त्या वर्कशॉपात अशीच रीत होती, तोंडाने सांगायचं. मेस्त्रींची नजर फळीवरच्या रेघेवर होती; ढलपी निघाली असं समजून त्यांनी बटण दाबलं.

अझहरने हात ओढून घेतला म्हणून अंगठा राहिला. नख गेलं, तीन टाके पडले.

फोरमन झुबेरने चौकशी केली. त्याने मेस्त्रींना विचारलं, "दत्ताभाई, इसने आवाज दी थी?"

"मैंने नहीं सुनी," मेस्त्री म्हणाले. ते खरं तेच बोलले होते.

पण ज्याला लाकडातला खिळा ऐकू येतो, त्याने हाक ऐकली नाही, म्हणजे हाक मारलीच नव्हती. सगळ्यांनी हाच हिशोब केला. दोनदा सांगितलं होतं म्हणून अझहरने आईची शपथ घेतली तेव्हा दोघं-तिघं हसलेसुद्धा. झुबेरने कागदावर लिहिलं की कामगाराने सूचना न देता हात घातला, आणि टाके निघाले की त्याने पुन्हा माल चढवायच्या कामावर जायचं. मेस्त्रींना अझहरचा रागही आला. पोरकटपणा करतो आणि वर शपथा घेतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर मेस्त्री कुकर लावून शेजारीच स्टुलावर बसले होते. साताऱ्याचा तुकाराम त्यांच्याच खोलीत राहायचा, कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. तो अंघोळ करून ओलाच बाहेर धावला आणि त्याने गॅस बंद केला. डाळ करपल्याचा वास खोलीभर पसरला होता.

"आवो मेस्त्री, सात शिट्ट्या झाल्या. मी आतनं मोजल्या. तुम्ही हितंच बसलाय न्हवं?"

"लक्ष नव्हतं," मेस्त्री म्हणाले.

लक्ष होतं. ते तिसऱ्या शिट्टीचीच वाट बघत होते. तुकाराम करपलेला कुकर घासत बसला आणि मेस्त्री आपल्या हातांकडे बघत बसले. बारीक आवाज, त्यांच्या मनात आलं. शिट्टीचा बारीक, हेमाचा बारीक, अझहरचा बारीक. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

गुरुवारी सकाळी ते झुबेरला एकट्याला भेटले. आपल्याला हल्ली कमी ऐकू येतं, असं त्यांनी जमेल तेवढं हळू सांगितलं.

झुबेरला ते ऐकायचं नव्हतं. "छोडो दत्ताभाई. पेपर ऑफिस में चला गया, खलास. विझा अभी रिन्यू हुआ है, दो साल आराम से निकालो. किसको बोलना मत."

सुटका इतकी आयती मिळेल असं मेस्त्रींना वाटलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि झुबेर तर ती स्वतःच्या हाताने झाकून देत होता. ते बाहेर आले. अझहर दाराशी उभा राहून डाव्या हाताने प्लायवूडचे तुकडे रचत होता, उजव्या अंगठ्याला बँडेज. त्याने सलाम केला नाही, तोंडही फिरवलं नाही.

चहाची वेळ झाली. मशीनं एकेक करून बंद झाली आणि माणसं कप घेऊन बसली. मेस्त्री करवतीच्या मशीनपाशी गेले.

"अझहर, इधर आ. चालू कर."

त्यांनी मशीनकडे पाठ केली आणि डोळे मिटले. जुनी माणसं ओळखीचं हसली. बऱ्याच दिवसांनी खेळ होता. खरं सांगायचं तर मेस्त्रींच्या मनात अजूनही एक आशा होती. कुकरचं काय, लक्ष नसतं कधी कधी. पण हे पातं एकतीस वर्षांचं ओळखीचं होतं.

"बंद कर," ते म्हणाले.

मोटर थांबल्याचा धक्का पायाखालच्या फरशीतून कळला. मग पात्याची सळसळ कानावर आली, लांब गेली, बारीक झाली, विरली. मेस्त्री क्षणभर आणखी थांबले, खात्रीसाठी. आणि त्यांनी हात वर केला.

कुणी टाळी वाजवली नाही. मेस्त्रींनी वळून डोळे उघडले. पातं फिरत होतं. इतकं जोरात की दात वेगळे दिसतही नव्हते. मेस्त्री हात वर ठेवूनच बघत राहिले आणि मनात मोजत गेले. पातं थांबलं तेव्हा आकडा अकरा झाला होता.

झुबेर कप हातात धरून केबिनच्या दारात उभा होता.

"ये दो बार बोला था," मेस्त्री त्याला सगळ्यांदेखत म्हणाले. "मेरे कान में नहीं आया. पेपर वापस मंगाओ." मग ते अझहरकडे वळले. "आज से बोलना नहीं. हात डालने से पहले दीवार का मेन स्विच बंद करना, और खुद करना. किसीके कान का भरोसा नहीं."

अझहर काही बोलला असावा. त्याचे ओठ हलले होते.

त्या दिवसानंतर मेस्त्री मशीनवर उभे राहिले नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर रंधा आणि पटाशी घेऊन ते दारांच्या चौकटींचे सांधे बसवू लागले. खुंटीवरची नवीकोरी कवचं त्यांनी अझहरच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवली.

त्या गुरुवारी संध्याकाळी गुदैबियाला उतरल्यावर त्यांनी किराणा दुकानाच्या पायरीवर बसून घरी फोन लावला.

"हेमा, रेंज बरी आसा गो. रेंज पयलीपासून बरीच होती. माकाच आयकाक येना नाय. जरा मोठ्यान बोल."

त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडे हेमा गप्प होती की बोलत होती, ते त्यांना कळत नव्हतं. तरी त्यांनी या वेळी फोन ठेवला नाही.