स्लॅबवरची जागा

मुलाने घरावर सोलर बसवायचं ठरवलं. माप घ्यायला आलेल्या माणसाने वर्षभराची बिलं पाहिली. हिवाळ्यापुरते दोन पॅनल चालले असते, पण उन्हाळ्यात आमचे दोन कूलर रात्रंदिवस सुरू असतात, म्हणून त्याने सहा सांगितले. सहा म्हणजे अख्खा स्लॅब.

"मंग मी कुरडया कुठी वाळू घालू?"

"विकत आणू, आई," मुलगा म्हणाला.

"माह्या खोलीतला कूलर काढून टाका. मंग किती लागते?"

"चार, मावशी," माणूस म्हणाला.

चारच बसले. यंदा कुरडया चांगल्या वाळल्या. मी मात्र दुपारभर ओला पंचा अंगावर घेऊन पडून असते. सून म्हणते, कूलर परत लावा. मी लावत नाही. बोलून बसले ना.