दगड सापडला आहे

"इट्स इन हर ब्लड," काका क्लायंटला म्हणाले. "हर कास्ट युज्ड टू गार्ड अवर व्हिलेज बाउंडरी."

मी चिखलात गुडघे टेकून बसले होते. दोन तास शोधून, नेच्याच्या मुळांखालून हद्दीचा जुना दगड मीच उघडा केला होता. क्लायंट हसला. त्याला काही कळलं नाही. मला सगळं कळलं. जात माझी, गाव त्यांचं. मग काका मराठीत म्हणाले, "राग नको मानूस गं, कौतुकच करतोय."

काका म्हणजे माझे बॉस. अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला त्यांची जमीन मोजणीची कंपनी, तिथे मी सर्व्हेअर. 'सर नको, काका म्हण,' हे त्यांनीच सांगितलेलं. पहिल्या आठवड्यात आडनाव दोनदा विचारलं. माझ्या टेबलावरचा निळा झेंडा पाहिल्यावर तिसऱ्यांदा विचारलं नाही.

परतताना गाडीत म्हणाले, "तो दगड फील्ड-बुकात घेऊ नकोस. नॉट फाउंड लिही."

कारण मला ठाऊक होतं. हा देश पश्चिमेकडे सरकत आला, तेव्हा साखळ्या घेऊन पुढे मोजणीवालेच होते. आधीपासून राहणाऱ्यांची गावं, नद्या, दफनभूमी, सगळ्यांवरून सरळ रेघा. शेवटी समुद्र आला. उरलेल्या तुकड्याभोवती करार करून दगड पुरले. याच्या पलीकडे तुमचं, आम्ही येणार नाही. तरी आलेच. आता याच दगडापलीकडे क्लायंटला घरं बांधायची होती. दगड नोंदला, तर ती जमीन नेटिव्ह लोकांची ठरते.

"तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्याकडे आहे, लक्षात असू दे," काका म्हणाले. आवाज अगदी गोड.

घाबरले मी. खोटं कशाला सांगू? आमच्या गावात बांधाचा, शिवेचा वाद झाला की महाराची साक्ष घ्यायचे. शिवेवर उभं राहायला महार हवा, विहिरीवर नको. माझ्या पणज्याने एकदा खोटी साक्ष दिली. पाटलाच्या धाकाने. एका विधवेचं शेत गेलं. हे सांगताना आजोबा मान खाली घालायचे. आमच्या रक्तात काय आहे, ते काकांना माहीतच नव्हतं. भीती होती. आणि तिची लाज.

ऑफिसात आल्यावर बुक त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "सर, दगड सापडला आहे. मी लिहिलंय. आपल्या कामात खोडरबर चालत नाही, तुम्हीच शिकवलंत."

'सर' ऐकून ते चमकले. मग म्हणाले, "उद्या दुसऱ्याला पाठवतो. त्याला नाही सापडणार."

खरंच नाही सापडणार. उपटून फेकूनही देतील. म्हणून दगडाचे फोटो आणि मोजमापं घेऊन मी आजच नेटिव्ह लोकांच्या जमीन कचेरीत निघाले आहे. फाइल जाईल. कदाचित देशही सोडावा लागेल. आईला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

पणज्याला पाटलाने बोलावणं धाडलं होतं. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाते आहे.