गोळ्या वगळून लिहिलेली साक्ष

आजारी माणूस पुरता बरा होण्याआधीच तुम्ही त्याच्याकडून देवानं बरं केल्याची साक्ष मागितली आहे का? मी मागितली आहे. मागितली, लिहून घेतली आणि छापलीही.

आमच्या घरात खाटेखाली येशूची सुवार्ता सांगणाऱ्या हस्तपत्रिकांचे गठ्ठे असत. वडील त्या चोपड्याच्या एसटी स्टँडवर वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, वाक्यंही तिथंच शिकले. छोटी, ठाम, शेवटी उद्गारचिन्ह असलेली. कॉलेजात गेल्यावर नव्या पत्रिका मीच लिहू लागले.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक अक्का होत्या. नवरा नाही, कापूस वेचायला जायच्या. त्यांना टीबी झाला. सरकारी दवाखान्यातल्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं. उपकारस्तुतीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक आणतात आणि देवानं वर्षभरात काय केलं ते उभं राहून सांगतात. त्या दिवशी केळीचे घड आणि ज्वारीची कणसं मांडली होती, त्यांच्याशेजारी उभं राहून अक्कांनी सांगितलं, "प्रभूनं मला बरं केलं." टाळ्या थांबेनात.

त्याच आठवड्यात मी अक्कांकडून ती साक्ष पुन्हा मागून घेतली आणि पत्रिका लिहिली. गोळ्यांचा उल्लेख केला नाही. विसरले नव्हते, मुद्दाम वगळला. गोळ्या आल्या की मथळा लंगडा होतो, असं मला वाटलं.

मग आजूबाजूच्या गावांतून लोक अक्कांकडे येऊ लागले. आजारी मुलं आणायचे, प्रार्थना करून घ्यायचे. महिन्याभरानं मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून फडक्यात खोकत होत्या. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं तशीच, न फोडलेली.

"अक्का, गोळ्या बंद केल्या?"

"कागदवर छापेल शे ना, माय. तूच लिखेल शे. आते गोळ्या खाताना कोणी देखं तर? देव खोटा पडी जाई."

 हे कळल्यावर मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "विश्वासात कमी पडली ती." त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ज्या बाईनं देवाची लाज राखायला स्वतःचा जीव पणाला लावला, तिचा विश्वास कमी? कमी पडलं होतं ते माझं खरेपण.

पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि काय वगळलं ते सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. घरी येताना वडील म्हणाले, "आता छापखान्यालाही पश्चात्ताप करायला लावणार का?" मी म्हटलं, "नाही आबा. आपण केला तरी पुरे." 

अक्का आता धुळ्याच्या दवाखान्यात आहेत. मध्येच सोडल्यामुळे पहिल्या गोळ्या आता लागू पडत नाहीत. नव्या जड आहेत, त्या घेतल्या की उलट्या होतात, कान वाजतात आणि त्या कितीतरी महिने घ्यायच्या आहेत. रोज सकाळी अक्का डोळे मिटून गोळी गिळतात. त्या वाचतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पत्रिकांमध्ये मी विश्वास म्हणजे एका क्षणात लागलेला दिवा असं लिहीत आले. खाटेवरची ती बाई रोज तीच कडू गोळी पुन्हा घेते, उद्याही घेणार आहे, आणि अजून काहीच बदललेलं नाही. याला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

येत्या रविवारी तुमच्या मंडळीत कुणी बरं झाल्याचं सांगायला उभं राहिलं, तर उपासनेनंतर त्यांच्याजवळ जा आणि हळूच विचारा, "औषध किती दिवसांचं राहिलंय?" आणि ते संपेपर्यंत, दुसऱ्या कुणाला न सांगता, रोज गोळीच्या वेळी त्यांच्या घरी जाऊन बसा.